दोन हाका

आमचे काका चष्म्याच्या काचा घासायचे. दुपारी दुकान बंद करून घरी ध्यानाला बसायचे. ‘आवाज आले तर येऊ द्या, उठू नका,’ असं त्यांना ध्यान शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं.

एके दिवशी त्यांना पहिल्यांदाच देह विरघळल्यासारखा वाटला. तेवढ्यात न्हाणीघरातून काकूंची हाक आली, मग दुसरी. काका तसेच बसून राहिले. अर्ध्या तासाने उठून पाहतात तर काकू ओल्या फरशीवर पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं.

‘यांची समाधी लागली होती, कळणार कसं?’ काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. काका मान खाली घालायचे.

शेवटी एकदा काकूंचे केस विंचरताना ते पुटपुटले, ‘मला ऐकू आलं होतं गं.’

‘माहीत आहे,’ काकू म्हणाल्या. ‘दुसऱ्या हाकेनंतर तुम्ही खोकलात.’

काकांना तोंड लपवायला जागा उरली नाही.