एका मात्रेचा मान

सकाळी समोरच्या जाधव वहिनी पेपर घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान बसचालक. परवा त्यांच्या बसची एका मोटारसायकलला धडक बसली, तरुण जखमी झाला आणि पोलिसांनी त्यांना चौकशीसाठी नेलं.

वहिनींनी बातमीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "वाचा ना."

मी वाचलं. 'ब्रेक लागला नाही, असे चालक जाधव म्हणाले.'

"म्हणाले लिहिलंय," वहिनी हळूच म्हणाल्या.

मला क्षणभर उमगलंच नाही. मग चटका बसावा तसं कळलं. आपल्याकडे बातमीत साहेब 'पकडले जातात' आणि ड्रायव्हर 'पकडला जातो'. खटला उभा राहायच्या आत क्रियापद निकाल देऊन मोकळं होतं. चूक कुणाची, मला ठाऊक नाही. बातमी लिहिणाऱ्यांनाही नसणार, आणि म्हणूनच त्यांनी बसने तरुणाला 'चिरडले' असं लिहिलं नाही, की तरुणाची गाडी 'भरधाव' होती असंही नाही. पान लावायच्या घाईत कुणीतरी 'म्हणाले'मधली एक मात्रा जपली. बातमीवर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, नाहीतर मी फोन करून आभार मानले असते.

वहिनींनी पेपराची नीट घडी घातली.

"काल चौकीत सगळे यांना अरे-तुरे करत होते," त्या म्हणाल्या. "घरी आले की चहाच्या आधी हेच वाचायला देईन."