पडद्याआडचा सातवा प्रश्न

मंगळवार, ११ जून. पेशंट एक्केचाळीस. नवे फॉर्म आले. सातवा प्रश्न बाईला एकटीलाच विचारायचा. पहिली बाई, डाव्या कानानं बहिरी.

दवाखान्यातल्या सिस्टरबाई रोजची वही अशीच लिहीत, कॉन्व्हेंटात घोटून घेतलेल्या अक्षरात. खोली एकच, म्हणून 'एकटीला' म्हणजे पडद्याआड. पलीकडे बाकावर नवरा.

"घरी कुणी हात उगारतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?" बाईनं उजवा कान पुढे केला. डाव्याचा पडदा कधीच फाटलेला.

"कुणी मारतं का?"

"काय म्हणता, ताई?"

फॉर्म अर्धवट ठेवणं सिस्टरबाईंच्या रक्तात नव्हतं. "अहो, नवरा मारतो का?"

अख्ख्या दवाखान्यानं ऐकलं. बाईनंही. ती पांढरीफटक पडली.

पडदा सरकला. नवरा हसतमुख. "तिला काय विचारता सिस्टर, मला विचारा! काय गं, मारतो मी? गरीब गाय आहे हो मी!" बाकावरच्या बायका खुदकन हसल्या.

"नाही," बाई म्हणाली. सिस्टरबाईंनी 'नाही'वर खूण केली.

"चल घरी," तो म्हणाला, "तुझी तपासणी राहिलीय."

आठवड्यानं त्यानंच तिला पुन्हा आणलं. उजव्या कानात कापूस, लाल झालेला. "न्हाणीत पडली. आता विचारा सिस्टर, घसा बसेपर्यंत विचारा."

बाई भिंतीकडे बघत होती. लसींचा तक्ता होता तिथं. तिचे ओठ हलत होते, ओळीमागून ओळ.

सिस्टरबाईंचं पेन थांबलं. बाईला वाचता येत होतं. दूधवाल्याचा खाडासुद्धा ज्या लिहून ठेवत, त्यांना एवढा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचं सुचलं नव्हतं.

त्यांनी वहीचा कागद फाडला, चिठ्ठी लिहिली, औषधाच्या पुडीखाली सरकवली. बाईनं हात पुढे केला. पण पुडी नवऱ्यानं उचलली. त्यानं चिठ्ठी वाचली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"सुंदर अक्षर आहे हो तुमचं," तो म्हणाला. "घरी वाचून दाखवतो हिला. मोठ्यानं."

बाई दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तो उठला तशी तीही उठली.

त्या संध्याकाळी वहीत लिहिलं: मंगळवार, १८ जून. पेशंट अडतीस. कुकरची रिंग बदलली.