सुनेच्या कार्डावर सुटलेली गाडी

आमची गाडी क्रेडिट कार्डावर सुटली असं मी सांगते, तेव्हा लोक आधी हसतात. मग विचारतात, मतलब काय? तर ऐका.

आम्ही मूळचे भुसावळचे. ह्यांच्या रेल्वेतल्या गार्डाच्या नोकरीपायी जयपूरला आलो आणि पेन्शन सुरू झाली तरी दुर्गापुऱ्यातच राहिलो. मुलगा इथल्या एका कंपनीत. सून इथेच वाढलेली, तिचे वडील विम्याच्या ऑफिसात बदलून आलेले. त्यामुळे तिचं मराठी अर्धं आमचं आणि अर्धं जयपूरचं. पण डोकं असं, की अजूनही मला त्याचा ठाव लागलेला नाही.

मुलानं गाडी घेतली ती कर्जावर. घर त्याच्या पगारात चालायचं आणि गाडीचा हप्ता सुनेच्या पगारातून जायचा. ती मालवीय नगरला एका कॉल सेंटरात होती. परदेशातल्या लोकांचे फोन घ्यायचे, तिकडे दिवस तेव्हा इकडे रात्र. सकाळी मी अंगणात पाणी मारत असताना कंपनीची जीप तिला फाटकाशी सोडायची. पोर चहाचा कप हातात धरून बसल्या बसल्या झोपायची. तिला व्हायचं होतं शिक्षिका. बी.एड.ला जायचं होतं. ह्यांचं म्हणणं एकच, "कर की. पण गाडीचा हप्ता संपला की."

"तोपर्यंत माझे विद्यार्थी रिटायर होतील, बाबा," ती म्हणायची. हसत म्हणायची, पण मला ते लागायचं.

तिच्याकडे एक कार्ड होतं. त्यावर खरेदी केली की पॉइंट मिळायचे, आणि पॉइंट साठले की एखादी वस्तू मिळायची, नाहीतर बिलातून तेवढे पैसे कमी व्हायचे. ह्यांना ते पटेना. "फुकट कोण देतं गं?"

"जे बिल उशिरा भरतात ना बाबा, ते देतात. त्यांच्याकडून व्याज घेतात, आपल्याला पॉइंट देतात. आपण फक्त वेळेवर भरायचं."

मग घरातलं सगळं कार्डावर सुरू झालं. किराणा, पेट्रोल, औषधं. एकदा महाराष्ट्र मंडळातल्या एका वहिनींना फ्रिज घ्यायचा होता, तर ही त्यांच्याबरोबर दुकानात गेली. वहिनींनी रोख पैसे हिच्या हातात दिले आणि हिनं कार्ड पुढे केलं. मी होते ना तिथे. दुकानदारानं ते मशीनमध्ये ओढलं, कर्र कर्र करत चिठ्ठी बाहेर आली आणि झालं. फ्रिज वहिनींचा, पैसे वहिनींचे आणि पॉइंट आमच्या सुनेचे. मी घरी येईपर्यंत बोलले नाही, म्हणजे बघा.

पुढे तर लांब वैशाली नगरातल्या मंडळाच्या कुणी टीव्ही घ्यायचं म्हटलं की आधी आमच्याकडे फोन यायचा. मंडळाच्या गणपतीची मोठी पातेलीसुद्धा तिच्या कार्डावर आली. हे चिडवायचे, "सूनबाई, दुकानात कमिशन बांधलंयस का?"

"बांधलंय ना. पण दुकानवाले भैया नाही देत, कार्डवाले देतात."

त्या पॉइंटांवर मिक्सर मिळत होता. माझा जुना मिक्सर चटणी वाटताना उड्या मारायचा, म्हणून मी दोन-तीनदा विषय काढून पाहिला. ती माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आई, मिक्सर नको ना. मला कॉलेज पाहिजे." मग मी पुन्हा नाव काढलं नाही.

असं वर्षभर चाललं. हात आखडून तिनं थोडे पैसेही बाजूला टाकले. मार्चात एक दिवस पोहे खाता खाता तिनं सगळा बेत सांगितला. कर्ज देणाऱ्या कंपनीनं कळवलं होतं, की उरलेली रक्कम मार्चअखेर एकदम भरली तर मुदतीआधी फेडल्याचा दंड माफ. तेवढी रक्कम आमच्याकडे नव्हती. पण कार्डवाले त्या कंपनीच्या नावानं ड्राफ्ट देणार होते आणि तीन महिने व्याज घेणार नव्हते. त्या तीन महिन्यांत तिची साठवण, हप्त्याचा वाचलेला पगार आणि पॉइंट असं सगळं कार्डात भरायचं. जुलैत कार्ड मोकळं होणार आणि जुलैतच बी.एड.चे फॉर्म निघणार.

"आणि चुकलं तर?" ह्यांनी विचारलं.

"एक दिवसही उशीर झाला, तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागेल. गाडीपेक्षा खूप जास्त. मग मी आहेच फोनवर, अजून एखादं वर्ष."

हे खूप वेळ पोह्यांतली मिरची बाजूला काढत राहिले. मग म्हणाले, "कर."

ड्राफ्ट काढणं काय असतं ते मला ठाऊक होतं. भुसावळला हे अर्धी रजा टाकून बँकेच्या रांगेत उभे राहायचे. आणि ह्या पोरीनं पलंगावर मांडी घालून फोन केला, चार प्रश्नांची उत्तरं दिली, आणि त्याच आठवड्यात कुरिअरवाला भैया दारात ड्राफ्ट घेऊन उभा. मी हात पुसून तो घेतला आणि आधी देवापुढे ठेवला. एवढी मोठी रक्कम, आणि ती नुसत्या बोलण्यावर घरी चालत आली. गाडीचं कर्ज मिटलं.

आता घोटाळा झाला तो ऐका. तेव्हा गाडी घेतानाच पुढच्या सगळ्या हप्त्यांचे चेक सही करून कर्जवाल्या कंपनीकडे ठेवायची रीत होती. ते चेक ह्यांच्या आणि मुलाच्या जोडखात्याचे, सून आपले पैसे त्यातच भरायची. उरलेले चेक टपालानं परत येतील असं कंपनी म्हणाली होती, पण जुलै उजाडला तरी आले नव्हते. ह्यांचा जन्म गेला गार्डाच्या डब्यात. मालडब्याचं दार नुसतं लावून ह्यांचं समाधान कधी झालं नाही, त्याला सील लागलं पाहिजे. सही केलेले चेक परक्याच्या कपाटात पडलेत, ह्या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी कुणाला न सांगता बँकेत गेले आणि त्या चेकबुकातला कुठलाही चेक वटवू नका असं लिहून देऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामावरून आली, तेव्हा चहा पिता पिता त्यांनी मोठ्या समाधानानं ते सांगितलं.

तिचा कप हातातच राहिला. "बाबा, पूर्ण बुक?"

"पूर्ण. एक पान सोडलं नाही."

"कार्डाचा शेवटचा चेक मी परवा कार्डवाल्यांच्या पेटीत टाकला. तो त्याच बुकातला आहे."

 व्याजाविना कार्डाचं बिल भरायचा तो शेवटचा दिवस होता. मुलगा त्या चेकवर सही करून कंपनीच्या कामानं जोधपूरला गेलेला. ह्यांचा चेहरा असा उतरला, की मला त्यांच्याकडे बघवेना. तिनं मात्र रागाचा शब्द काढला नाही. कप खाली ठेवला, तोंडावर पाणी मारलं आणि गाडीची किल्ली घेतली. "बाबा, पासबुक घ्या. सही तुमची लागेल. पैसे तर आहेत ना खात्यात, फक्त रस्ता बदलायचा."

आम्ही तिघंही निघालो. आमच्या बँकेतून रोख काढली. पिशवी माझ्या मांडीवर होती आणि मी ती दोन्ही हातांनी धरून बसले होते. टोंक रोडवर पुढे एक उंटगाडी, मागे सिटी बसचा भोंगा, आणि रात्रभर जागलेली ही पोर मधून वाट काढत होती. मालवीय नगरला कार्डवाल्यांच्या बँकेत तिनं काउंटरवरच्या माणसाला सगळं नीट समजावलं, पैसे भरले, त्या पेटीतल्या चेकचंही लिहून दिलं. त्यानं पावतीवर शिक्का मारला. "आज की तारीख में आ गया, मैडम. पूरा क्लियर."

ह्यांनी ती पावती चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली. बँकेच्या पायऱ्या उतरताना त्यांनी विचारलं, "तुझं ते कॉलेज कुठल्या बाजूला?"

"उद्या जाऊ ना, बाबा. तुम्ही दमलात."

"मी कशानं दमलो? एक बुक बंद करून आलो, तेवढंच काय ते काम. चल."

कॉलेजच्या खिडकीपुढे फॉर्मसाठी लांब रांग होती, पार आमच्या गाडीपर्यंत आलेली. तिला उतरू न देता हे स्वतः जाऊन उभे राहिले, सगळ्या तरुण मुलींमध्ये एकटे पांढऱ्या केसांचे. पुढची मुलगी काहीतरी म्हणाली तर तिला सांगू लागले, "बहू के लिए. वो मास्टरनी बनेगी."

मी ते सुनेला सांगायला वळले, तर ती स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपलेली. फोन, पॉइंट, ड्राफ्ट, व्याज, वर्षभर हे सगळं ह्या एवढ्याशा डोक्यात मावलं कसं, ते मी बघत बसले. शेजारी एक पेरूवाला हाका मारत आला. मी गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याला खुणेनंच पुढे जायला सांगितलं.