डुकराचा फ्राईड राईस आणि मोंढ्यात न गेलेलं पोतं

माझी लेक जन्मली तेव्हा सुईणीनं तिला उचललं नाही, तिनंच सुईणीला उचललं. हे मी आमच्या बोरीच्या बाजारात सांगतो तेव्हा लोक हसतात. पण शाळेत असताना तिनं खताची गोणी ट्रॉलीत अशी भिरकावली की ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेली, हे पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. चहा पाजला तर साक्षही देतील.

अशी पोरगी वजन उचलण्याच्या खेळात गेली नसती तरच नवल. निवड झाली आणि तिला पार पूर्वेकडच्या डोंगरातल्या शिबिरात धाडलं. निघताना तिच्या आज्जीनं, म्हणजे माझ्या मायनं, पोरीच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून दंडाला बांधलं. कारण तो लोखंडी दांडा उचलला की आधी गळ्याशी टेकवावा लागतो.

"देवाला कशाला धक्के," माय म्हणाली. "दंडावर बसून तोबी जोर लावंल."

आमचं घर शिवभक्तांचं. मांस-मच्छी तर सोडाच, एकदा पाहुण्यांनी आणलेल्या केकात अंडं असल्याचं कळलं, तेव्हा मायनं ताट धुतलं, टेबल धुतलं, आणि पाहुणे वेळेत उठले म्हणून ते तेवढे कोरडे गेले. अशा घरात एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. स्पीकर चालू होता आणि माय शेजारीच वाती वळत बसलेली.

"पप्पा, माझं वजन उतरायलंय. जोरबी कमी पडायलाय. महिन्याच्या शेवटी चाचणी हाय. येताना उचलत होते तेवढं उचललं न्हाई तर घरी पाठवतेत."

"अन् खायलीस काय?"

"वरण-भात. वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी. बाकी समद्या पोरी डुकराचा फ्राईड राईस खातेत. मॅडम म्हणतेत, ताकद त्याच्यात हाय."

मायच्या मांडीवरची वात अर्धीच राहिली.

"मी चोरून खाणार न्हाई," लेक म्हणाली. "खायचं ठरवलं तर आज्जीला आधी सांगीन."

मी छताकडे पाहिलं. आता ते खाली येणार, याची मला खात्री होती. पण माय शांतपणे म्हणाली, "खायचं का न्हाई ते तिचं ती बघंल. वजन तिला उचलायचंय, मला न्हाई. पण त्या भातात असं काय हाय जे आपल्या घरात न्हाई, तेवढं इचारून ये."

विचारायला मी गेलो देवगाव फाट्यावर. तिथं बोरीचाच एक गडी चायनीजचा गाडा लावतो. गाड्यावर ड्रॅगन रंगवलाय, पण तो दिसतो घोरपडीसारखा.

"पोर्क फ्राईड राईसमध्ये ताकद कशाची असती?" मी विचारलं.

त्याचा झारा कढईतच थांबला. "अप्पा, तुमी? घरी समदं ठीक हाय ना?"

मी हकीकत सांगितली.

"माझ्याकडं पोर्क न्हाई. डुक्कर मी नालीत बघितलंय, तेबी मला बघून पळालं. पण ताकद म्हणताल तर तेलाची. अन् आवाजाची. कढई खणखणली की गिऱ्हाईकाला निम्मा जोर तितंच येतो."

एवढ्या ज्ञानावर पोरीचं भवितव्य टाकणं बरं नव्हे, म्हणून मी थेट तिच्या शिबिरातल्या प्रशिक्षक मॅडमना फोन लावला. त्या त्यांच्या हिंदीत, मी आमच्या हैदराबादी वळणाच्या हिंदीत. बाई मोठ्या समजूतदार. म्हणाल्या, भात म्हणजे इंजिनातलं डिझेल, आणि तेल त्यात भर घालतं. मांसातून आणि अंड्यातून प्रथिनं मिळतात, त्यांनी स्नायू भरतात. खाल्लेल्या भातातून शक्ती काढायला बी-वन नावाचं जीवनसत्त्व लागतं, ते डुकराच्या मांसात भरपूर असतं. सॉसमुळं मीठ जास्त होतं आणि भाज्या नावापुरत्या, हे दोषही त्यांनी लपवले नाहीत.

"माझा हट्ट डुकराचा नाही, प्रथिनांचा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठूनही आणा."

"अन् तो काळा सॉस कशाचा असतो?" मी आपलं सहज विचारलं.

"सोयाबीनचा."

मी फोन ठेवला आणि वळून पाहिलं. माझ्या पाठीमागं सोयाबीनची पोती आढ्याला टेकली होती. म्हणजे आमचं पीक त्या ताटात लेकीच्या आधीच पोचलं होतं, फक्त तोंड काळं करून. जिंतूर तालुक्यात आम्ही सोयाबीन पेरतो, फवारतो, काढतो, मोंढ्यात व्यापाऱ्याला घालतो आणि भाव पडला की सरकारला शिव्या घालतो. एक गोष्ट तेवढी करत नाही. शिजवून खात नाही. आमच्याकडं सोयाबीनची भाजी म्हणजे कापसाची कोशिंबीर केल्यासारखं.

"ते काय खायचं असतं व्हय?" मायनं विचारलं. "खायचं असतं तर तुझ्या बापानं खाल्लं नसतं का?"

तरी मी हट्टानं कच्चंच दळून आणलं आणि बायकोला भाकरी करायला लावल्या. दुसऱ्या दिवशी घराघरात, म्हणजे आमच्याच घरातल्या प्रत्येक खोलीत, पोटं अशी घुमू लागली की वीजवाले येऊन गल्लीतला डीपी तपासून गेले.

माय पोट धरून म्हणाली, "येड्या, फुटाणे कच्चे खातोस का? मग हे कच्चं कसं चालंल? आधी भिजव, उकड, वाळव, मग खरपूस भाज."

त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ताबा मायनं घेतला. बायको भाजायला, मी उन्हात राखणीला. भाजलेलं सोयाबीन, ज्वारी, डाळवं, तीळ, जिरं घालून धपाट्यांचं पीठ झालं. शेंगदाण्याची चटणी झाली. उरलेलं सोयाबीन तसंच खारं करून भरलं. पहिलं धपाटं मायनं लिंगाला दाखवलं, मग स्वतः चावून पाहिलं, आणि दुसरं उचललं. आमच्याकडं हीच शाबासकी. पार्सल एवढं जड झालं की एसटी परभणीपर्यंत मागच्या चाकांवरच गेली.

तिकडं मेसच्या आचाऱ्यानं लेकीसाठी वेगळी कढई काढली. शिळा मोकळा भात, कोबी, गाजर, आणि मांसाच्या जागी आमचं सोयाबीन. सकाळी दोन-दोन धपाटी. लेक फोनवर सांगायची, "पप्पा, दांडा हलका वाटायलाय." मी म्हणायचो, "दांडा तेवढाच हाय, बाई."

चाचणीच्या दिवशी मायची पूजा संपेचना. तळहातावर लिंग घेऊन ती तशीच बसून राहिली, आणि पूजा झाल्याशिवाय घरात कुणाला चहा नाही. दुपार कलली तेव्हा फोन वाजला.

"उचललं?" मी विचारलं.

"उचललं. येताना उचलत होते त्याच्याहून जास्त. मॅडम म्हणल्या, राहा."

बोरीत हे सांगताना मी लेकीकडून दांड्यासोबत मॅडमनाही उचलवतो, पण इथं खरं तेवढंच लिहितो.

"अन् आज्जी," लेक जरा दबकत म्हणाली, "हितल्या पोरी त्यांच्या राईसवर आपली चटणी घालून खायलेत. डुकराच्या."

मायनं तळहात मिटला. मी पुन्हा छताकडं पाहिलं.

"घालू दे," माय म्हणाली. "चटणीला काय कळतंय कुणाच्या ताटात पडली ते. त्यांच्या आज्ज्यांनाबी त्यांची काळजी असंलच की. अजून लागली तर सांग."

यंदा सोयाबीन निघालं तेव्हा लेक सुट्टीला आली होती. टेम्पो भरून मोंढ्याला निघणार, तेवढ्यात माय दारात आडवी उभी राहिली.

"एक पोतं उतरव. ते घरचं."

आमच्या घराण्यात मोंढ्याचं पोतं परत उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं. मी हमालाला हाक मारणार, तोवर लेकीनं ते खांद्यावर घेतलंसुद्धा. माय पुढं चालत एकेक दार उघडत गेली आणि तिच्या मागं पोरगी, दंडावरचा देव सांभाळत, थेट स्वयंपाकघरापर्यंत.