वीस सेकंदांचे पाहुणे

हिस्केला बोलायची हौस फार, पण तिच्या पुलावर बोलायला कुणी थांबत नसे. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या एका कालव्यावरचा उचलता पूल ती एकोणीस वर्षं सांभाळत होती. बोट दिसली की फाटक खाली, पूल वर. बोट गेली की पूल खाली, फाटक वर. बोटीतले लोक हात हलवायचे, मोटारीतले घड्याळाकडे बघायचे. मधल्या वेळात ती काचेच्या केबिनमध्ये बसून पाणी न्याहाळत राही. धुकं उतरलं की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं, हे कळेनासं होई. मग तिला वाटे, पुलाला जमीन अशी नाहीच; तो नुसता तरंगतो आहे, आणि त्याच्यावर आपण.

लग्न तिनं केलं नव्हतं. त्याबद्दल गावानं बोलायचं ते बोलून घेतलं होतं आणि पुढे गावही थकलं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर तिनं कॉम्प्युटर घेतला आणि पाण्याबद्दल लिहायला ब्लॉग सुरू केला. लांबलचक लिही. कधी पहाटेच्या पाण्याचा रंग, कधी बगळ्यांची भांडणं. चार महिने झाले तरी वाचायला आली एकटी तिची भावजय, तीसुद्धा चुकून.

तेव्हा तिला ती अदलाबदल सापडली. जगभरच्या ब्लॉगवाल्यांनी एकमेकांना गिऱ्हाईक पुरवायचं, असा तो कारभार. आपण दुसऱ्याचं पान वीस सेकंद बघायचं. वर घड्याळ उलटं चालतं. अशी दोन पानं बघितली की आपलं पान कुणातरी एकाला दाखवतात. बाकीचे घड्याळ चालू ठेवून भांडी घासायला जात. हिस्केला ते जमेना. कुणाच्या दारात उभं राहून पाठ फिरवायची, हे तिला बरं दिसत नसे. ती प्रत्येक पान खरोखर बघे. बहुतेक पानं घरबसल्या श्रीमंत व्हा नाहीतर पोट कमी करा असं सांगणारी. पण मधूनच स्पेनमधल्या गालिसियातली एक बाई जुन्या दारांचे फोटो लावी. ती दारं बघता बघता हिस्केच्या डोळ्यांपुढे ऊन पडे आणि बाहेरचा कालवा क्षणभर नाहीसा होई.

तिचा धाकटा भाऊ डौवे बोटींची इंजिनं दुरुस्त करी. शनिवारी साखरपाव घेऊन कॉफीला येई.

"या महिन्यात चार हजार माणसं आली माझ्याकडे," हिस्के म्हणाली.

"चार हजार? आपल्या गावात गायी धरूनसुद्धा इतके जीव नाहीत!"

"जगभरातनं येतात."

"बरं, आणि बोललं कोण त्यातलं?"

"अजून कुणी नाही."

डौवेनं पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "मग ते तुझ्या फाटकाशी थांबलेले मोटारवाले आहेत, बाई. पूल खाली आला की सुटले भन्नाट!"

तिला राग आला, पण तो गेल्यावर तिनं आकडे उघडून पाहिले. विसाव्या सेकंदापर्यंत सगळे होते. एकविसाव्याला एकही नाही. आणि असणार तरी कसं? ती लिहायची डचमध्ये. चिलीतल्या माणसाला बगळ्यांची भांडणं कशी कळावीत? तिनं आठ दिवस ब्लॉग उघडला नाही.

नवव्या दिवशी सवयीनं पुन्हा पानं बघायला बसली, आणि काल्यो समोर आला. एस्टोनियातल्या सारेमा बेटावरचा निवृत्त भूगोल मास्तर; कोपऱ्यातल्या छोट्या फोटोत पांढरी दाढी. पानावर खाडीचा एक फोटो, खाली मोडक्या इंग्रजीत एक ओळ : "आज बर्फ तिसऱ्या खडकापर्यंत." बस्स. कालचं पान : "दुसऱ्या खडकापर्यंत." घड्याळ शून्यावर आलं, पुढचं पान बघा म्हणालं. हिस्के हलली नाही. एक एक दिवस मागे जात ती नोव्हेंबरच्या उघड्या पाण्यापर्यंत पोचली. मान वर केली तेव्हा एक मालबोट भोंगा वाजवून वाजवून बेजार झाली होती.

तिनं त्याला लिहिलं, "मीही पाणी बघते. पगार घेऊन."

चार दिवसांनी उत्तर आलं. "तुम्ही पहिल्याच. इथे सगळी यंत्रंच येतात, असं मी धरून चाललो होतो."

त्या दिवसापासून हिस्केनं लांब लिहिणं सोडलं. पाहुण्यापाशी वीस सेकंद आहेत ना, मग वीस सेकंदांत मावेल तेवढंच द्यायचं. एक फोटो, शाळेत शिकलेल्या इंग्रजीत एक ओळ. "बोट गेली. पाणी अजून हलतं आहे." किंवा, "धुक्यात कुणीतरी शिंकलं." पंधरवड्यात पहिली प्रतिक्रिया आली, गालिसियाच्या दारवालीची : "मी पूर्ण एक मिनिट थांबले." मग स्कॉटलंडचा एक पोस्टमन. मग आणखी काही. हजारांतले हजार अजूनही सुटायचेच. पण जे राहिले ते रोज येऊ लागले. वसंत येईपर्यंत ते नऊ झाले होते.

आणि मार्चमध्ये काल्यो गप्प झाला. "बर्फ तडकतो आहे" ही शेवटची ओळ. एक आठवडा गेला, दुसरा गेला. दारवालीनं विचारलं, पोस्टमननं विचारलं. कुणाकडे त्याचं आडनावसुद्धा नव्हतं. हिस्के दिवसभर पाण्याकडे बघे आणि तिला तिथे तडकलेला बर्फ दिसे, खडक दिसत, माणूस दिसत नसे. शेवटी तिनं बेटावरच्या ग्रंथालयाला लिहिलं : पांढऱ्या दाढीचे, खाडीचे फोटो काढणारे मास्तर ठाऊक आहेत का?

ग्रंथपाल बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ठाऊक आहेत, मीही त्यांचीच विद्यार्थिनी. बर्फावर घसरले, खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात आहेत. कुणी भेटायला येत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात.

मग हिस्केनं आणि बाकीच्यांनी मिळून ठरवलं. रोज एकेकानं आपापल्या गावचं पाणी बघायचं आणि एक ओळ पाठवायची. नदी, तळं, काहीच नसेल तर पावसाचं डबकं. ग्रंथपाल बाई ते कागदावर छापून दवाखान्यात नेत. सहाव्या दिवशी त्यांनी कळवलं, "मास्तरांनी आज चष्मा मागितला. पोस्टमनच्या डबक्यात व्याकरणाची चूक आहे म्हणतात."

मे महिन्यात काल्योचं पान पुन्हा हललं. "बर्फ गेला. मला बघता आला नाही. मला तुमचं सगळ्यांचं पाणी मिळालं."

त्याच उन्हाळ्यात ती अदलाबदल बंद पडली. चार हजारांचा आकडा एका रात्रीत नऊवर आला.

"वर्षभर खपलीस, आणि हाती काय, तर नऊ?" डौवे म्हणाला.

"हो, नऊ. त्यांना शोधायला मला एवढ्या सगळ्या दारांवरून जावं लागलं. नाहीतर पुलावर बसून कुठे भेटले असते?"

डौवेनं दुसरा साखरपाव उचलला. पुढच्या फेब्रुवारीत काल्योकडे जायला तिनं आठवड्याची रजा टाकली, तेव्हा मात्र तिला स्टेशनवर सोडायला तोच आला.

काल्यो काठी टेकत तिला खाडीवर घेऊन गेला. बर्फ पांढरा, आभाळ पांढरं, दोन्हींमध्ये रेघ नाही. दोघंही मोडकं इंग्रजी बोलत होती, तेही थोडंच. तिसऱ्या खडकापाशी त्यानं तिचा फोटो काढला. वाऱ्यानं तिचे केस उभे राहिले होते. घरी येऊन त्यानं काळा पाव आणि धुरावलेला मासा वाढला आणि फोटो पानावर लावला. खाली ओळ लिहिली : "आज बर्फावर पाहुणी."

जेवण होईस्तोवर प्रतिक्रिया आल्या. दारवाली रडून घेत होती, पोस्टमन अभिनंदन करत होता. सर्वांत खाली फ्रीजियनमध्ये, हिस्केच्या गावच्या भाषेत, दोनच शब्द होते, काल्योला न कळणारे. त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"कोण हा? काय म्हणतो?"

हिस्केनं वाचलं आणि ती हसत सुटली.

"माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "टोपी घाल म्हणतो."