साबुदाणा, स्टाउट आणि फिटर भिकाजी

भिकाजी शिरधनकर जहाजावर फिटर आहेत. इंजिनरूममध्ये जे काही गळतं, वाजतं किंवा सैल होतं, ते नीट करायचं हे त्यांचं काम. एकतीस वर्षं ते हेच करत आले. आठ महिने समुद्रावर, चार महिने रत्नागिरीजवळ मिऱ्याला घरी. साठेक बंदरं पाहून झाली. सगळ्यांत सुंदर कुठलं, असं मी त्यांना एकदा विचारलं.

"बंदरं सगळी सारखीच," ते म्हणाले. "क्रेन नि कुत्री. पण कॉर्कला एक पब हाय."

मी मराठी साहित्यात एम. ए. केलं आहे. एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवतो. माझ्याकडे स्कूटर आहे आणि दुपारी वेळ असतो. भिकाजीकाका सुट्टीवर आले की एवढ्या भांडवलावर आमची मैत्री चालते. माझं नाव स्वरूप, पण ते मला मास्तर म्हणतात. आमच्यात तेहतीस वर्षांचं अंतर आहे. ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

कॉर्क हे आयर्लंडमधलं बंदर. तिथल्या पबमध्ये काळी बिअर मिळते. तिला स्टाउट म्हणतात. वर दोन बोटं साय असते. आधी पाऊण ग्लास ओततात, मग थांबतात. खालचा धुरळा बसला की उरलेली ओततात.

"भात कसा वाफेवर ठेवतो, तसा," काका सांगतात. "घाई केलीस की गेला."

पब चालवणारी मॉरीन सत्तरीची आहे. ती काकांना बीकी म्हणते. काकांनी एकदा तिला घरचा सुका जवळा भाजून दिला. तिने तो बशीत घालून काउंटरवर ठेवला. दोन म्हातारे खोकले. तिसऱ्याने परत मागितला. भारत आणि आयर्लंड यांचे संबंध तिथून सुधारले, असं काकांचं मत आहे.

गेल्या नोव्हेंबरात कंपनीच्या डॉक्टरांनी मुंबईत काकांचं मेडिकल केलं. तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पॉइंट दोन निघाली. साडेसातच्या आत हवी होती.

"फेब्रुवारीत परत या," डॉक्टर म्हणाले. "तेव्हाही जास्त असली तर अनफिट लिहीन."

काकांचं वय सत्तावन्न. पुढचा करार शेवटचा होता. जहाज मार्चमध्ये कॉर्कला लागणार होतं.

"एकतीस वर्षांत मी कुठल्या बंदराला सांगून निघालो नाय," काका मला म्हणाले. "सामान उतरला की भोंगा, भोंगा झाला की चल. ह्या एकाला सांगून यायचा हाय. तेवढाच."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवण ठरवून दिलं. भात, चपाती, भाकरी, पाव, साखर बंद. मासे, अंडी, पालेभाज्या पोटभर. बिअर बंद.

"स्टाउट बिअर नाय, साहेब," काका म्हणाले.

"मग काय आहे?"

काकांनी विचार केला. "जेवण."

डॉक्टर हसले. तिथे ते हरले. "रविवारी एक. पोटात काहीतरी घालून. दुसरा नाही."

मिऱ्याला परत आल्यावर काकांनी हे सगळं मालनकाकींना सांगितलं. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं. भात नाही, भाकरी नाही, चपाती नाही, गोड नाही.

"म्हणजे उपास," त्या म्हणाल्या.

काकींनी सोळा सोमवार दोनदा केले आहेत. एकादशी, संकष्टी, नवरात्र हे वेगळं. उपासाचा स्वयंपाक त्यांच्या हातात बसलेला. त्यांनी तिथल्या तिथे बेत ठरवला. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचा कीस. गोड बंद म्हणून किसावर साखर घालायची नाही. ह्या बाबतीत त्या कडक होत्या.

"डॉक्टरनं म्हावरं खा म्हटलाय गो," काका म्हणाले.

"उपासाला म्हावरं? एकदा बोललात ता बोललात. परत बोलू नका."

काका परत बोलले नाहीत. काकी एवढ्यावर थांबल्या नाहीत. नारळ घेऊन त्या ग्रामदेवाकडे गेल्या आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. मी हजर होतो.

"बा देवा म्हाराजा," गुरव म्हणाला, "तुझ्या ह्या लेकराच्या रगतात जी काय साखर शिरली असंल, ती आल्या वाटंनं परत धाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. काका सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकींनी मला खिचडी वाढली. मोकळी, दाण्याच्या कुटात घोळलेली, वर ओलं खोबरं. मी दोनदा घेतली. मला काही शंका आली नाही. काकाही तीन वाट्या खायचे. त्यांना वाटायचं, उपास आहे, चालतंय.

रविवारचा प्रश्न वेगळा होता. रत्नागिरीत स्टाउट कोण देणार? पण आरे-वारेच्या रस्त्यावर ईशाने नुकताच पब काढला होता. ती इथलीच. पुण्याला हॉटेलच्या धंद्यात आठ वर्षं काढून परत आली होती. पत्र्याची शेड, हिरवा रंग, समोर समुद्र. आयरिश स्टाउटचे डबे ती मुंबईहून मागवायची. पर्यटक फोटो काढायचे आणि दुसरं काहीतरी प्यायचे.

पहिल्या रविवारी तिने डबा फोडला आणि मगमध्ये भसकन ओतला. काका उभे राहिले.

"बाय, मी आत येऊ?"

ते काउंटरच्या आत गेले. उंच ग्लास धुऊन घेतला. तो तिरका धरून पाऊण भरला आणि खाली ठेवला. दोन्ही हात मागे बांधून ते उभे राहिले. ईशाही उभी राहिली. दोन गिऱ्हाईकं बोलायची थांबली. मग काकांनी उरलेली ओतली. साय काठाच्या वर आली आणि सांडली नाही.

त्यानंतर दर रविवारी साडेबाराला काका घरून जेवून निघायचे आणि माझ्या स्कूटरवर बसून तिथे यायचे. एक ग्लास चाळीस मिनिटं चालायचा. मध्ये फोन घ्यायचा नाही, राजकारण बोलायचं नाही. मी लिंबू सोडा घ्यायचो. तो चार मिनिटांत संपायचा. उरलेली छत्तीस मिनिटं मी त्यांच्या मिशीवरची साय बघत बसायचो.

काकींनी बोटाला टोचून साखर बघायचं मशीन आणलं होतं. दर सोमवारी सकाळचं खाणं झालं की त्या आकडा बघायच्या. पहिल्या आठवड्यात दोनशे दहा. मग दोनशे बत्तीस. मग दोनशे एक्कावन्न.

काकींना कारण कळायला वेळ लागला नाही. "देव आठवडाभर साखर उतरवतो, नि तुम्ही रविवारी त्या काळ्या डांबरानं परत चढवता."

काकांनी मशीन उलटंसुलटं करून बघितलं. आकडा दिसत होता. पाचव्या रविवारी ते सकाळपासून काही न खाताच माझ्याकडे आले. काकींनी मागून धावत येऊन डबा दिला.

"आज शेवटचा," स्कूटरवर बसताना ते म्हणाले. "फेब्रुवारीपर्यंत थेंब नाय. पब सोडला तरच पब गाठता येईल, असा दिसताय."

त्यांच्या खिशात मशीन होतं. शेवटच्या ग्लासाआधीची साखर टिपायची होती. बोट टोचलं. एकशे अडुसष्ट. ग्लास ओतायच्या आधी त्यांनी काकींचा डबा उघडला. निम्मी खिचडी झाकणात काढून मला दिली.

ईशा बघत होती. "काका, आज संकष्टी आहे?"

"नाय. डाएट."

"कसलं डाएट?"

"भात-चपाती बंद. साखर उतरवायची हाय."

"आणि हे?"

"हा उपासाचा."

ईशा काउंटरबाहेर आली आणि आमच्या टेबलाशी बसली. तिने माझ्याकडे बघितलं. मी खात होतो.

"किती दिवस चाललंय?"

"पाच आठवडे. रोज."

"काका, ह्या डब्यात पाच चपात्यांइतकं पीठ आहे. तुमच्या त्या ग्लासात एका चपातीइतकंही नाही. रताळं, वरी, सगळं तसंच. उपास देवाला चालतो. साखरेला त्याचं काय?"

काकांनी चमचा खाली ठेवला. मीही ठेवला. माझं झाकण रिकामं झालं होतं.

"मी ऐकीव गोष्टीवर बोल्ट फिरवत नाय," काका म्हणाले. "गेज लावून बघू."

त्यांनी ग्लास परत ठेवायला सांगितला. माझ्यासाठी काढलेली खिचडी गेली होती. उरलेली त्यांनी पूर्ण खाल्ली, एखादं औषध घ्यावं तशी. मग आम्ही दोन तास समुद्राकडे बघत बसलो. दोनशे एकाहत्तर.

दुसरी चाचणी लगेच करायची होती. पण दुसऱ्या दिवशी सोमवार होता. काका सोमवारी मासे खात नाहीत. विज्ञान मंगळवारपर्यंत थांबलं. मंगळवारी ईशाने दोन बांगडे तळून दिले. काकांनी ग्लास ओतला. हा राहिलेला रविवारचा, असं त्यांनी मला बजावलं. आधी एकशे पासष्ट. दोन तासांनी एकशे बहात्तर.

काकांनी चष्मा काढला आणि पुसला. पाच आठवड्यांत मासा पहिल्यांदाच पोटात गेला होता. डोळ्यांत पाणी कशामुळे आलं, ते मी विचारलं नाही.

"आता काकींना सांगायचं," मी म्हणालो.

"तू सांग, मास्तर. तुझा शिक्षण झालाय."

"माझं साहित्यात झालंय."

"मग नीट वळवून सांग."

मला जमलं नाही. दोन दिवस काकांनाही जमलं नाही. ते घरी खिचडी खात राहिले. मेडिकलला सात आठवडे उरले होते आणि ते कीस मागून घेत होते.

"अहो, तुम्हाला जहाजावर जायचं आहे ना?" मी त्यांना बाहेर गाठून म्हटलं.

"पाच आठवडे ती माझ्यासाठी पाचाला उठताय," काका म्हणाले. "माझ्याबरोबर ताच खाताय. तिनं भाताला हात लावलेला नाय. तिला काय सांगू? तुझ्या हातानं चढली म्हणून?"

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी कागद काकींसमोर ठेवला. त्यावर चार आकडे होते. काकींनी ते दोनदा वाचले.

"मशीन बिघडलाय."

"नाय बिघडला. मी फिटर हाय."

काकींनी बोट पुढे केलं. "माझी बघा. मी पण तीच खाल्ली."

काकांनी टोचलं. एकशे चार.

"बघा," काकी म्हणाल्या. "खिचडीत काय नाय. जा काय हाय, ता डांबरात."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. हा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

"मालन," काका हळू म्हणाले. "तुझा इंजिन धड हाय. माझा नाय. खिचडीला मी बोल लावत नाय गो. माझा पंप तेवढा दाब घेत नाय, एवढाच."

ओट्यावर सकाळसाठी साबुदाणा भिजत होता. ते पातेलं उचलून काकी आत गेल्या. बराच वेळ भांडी वाजली. काका पायरीवर बसून राहिले. मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातून बांगड्याचा वास येत होता. तो रस्त्यापर्यंत पोचला होता. मी आत गेलो.

"देवाचं काय?" मी विचारलं.

"देवाचं मी बघते," काकी म्हणाल्या. "तू लिंबू पीळ."

त्यानंतर काकींचा कडकपणा तोच राहिला, दिशा बदलली. सकाळी अंडी, दुपारी तळलेले मासे आणि माठाची भाजी, रात्री पुन्हा मासे. सोमवारी आणि गुरुवारी अंडीही नाहीत, नुसतं पनीर आणि कोबी. तांदूळ त्यांनी माळ्यावर चढवला. काकांनी एकदा सोलकढीबरोबर चार घास भात मागितला. काकींनी मशीन पुढे ठेवलं. माशांच्या पाचव्या आठवड्यात काका मला म्हणाले की ताटातला बांगडा त्यांच्याकडे वटारून बघतो. आकडा मात्र दर सोमवारी खाली येत होता. रविवारी काकी त्यांना स्वतः दारापर्यंत सोडायच्या.

"एकच," त्या म्हणायच्या. "नि मिशी पुसून या."

फेब्रुवारीत आम्ही तिघं मुंबईला गेलो. सकाळी रक्त दिलं. दुपारी डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसलो. काका एकतीस वर्षं इंजिनरूममध्ये राहिलेले. दवाखान्यातल्या कूलरला कुठे आवाज येतो ते त्यांनी मला तीनदा सांगितलं. काकी पर्सचा चाप उघडत होत्या आणि मिटत होत्या.

आत बोलावलं. डॉक्टरांनी कागद वाचला. "सात पॉइंट तीन."

काकांनी खुर्चीचा हात धरला.

"फिट," डॉक्टर म्हणाले. "खरं सांगतो, मला वाटलं नव्हतं. कसं केलंत?"

"हिनं केलं," काका म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. फेब्रुवारीला अठ्ठावीस दिवस होते.

डॉक्टर काकींकडे वळले. "काय देत होतात ह्यांना?"

काकी पर्सकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"म्हावरं," त्या म्हणाल्या. "दुसरं काय देणार? तुम्हीच सांगितलेलं ना."

"माझे निम्मे पेशंट तेवढंही ऐकत नाहीत. तुम्ही काय काय करत होतात ते लिहून द्याल? त्यांना देता येईल."

काकींनी पदर सारखा केला. "स्वरूप, लिही."

मी कागद घेतला. काकी सांगू लागल्या. बांगडा, सौंदाळा, अंडी, माठ, कोबी. कुठला वार, किती तेल, काय वाफवायचं. डॉक्टर ऐकत होते.

"आणि सगळ्यांत वर लिही, ठळक. साबुदाणा चालत नाय. वरी नाय, रताळं नाय. अडाणी माणसांना वाटतं चालतो."

मी ठळक लिहिलं. काका जमिनीकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी घसा साफ केला.

"नि रविवारी एक..."

"ता लिहू नको," काकी म्हणाल्या.

मी पेन थांबवलं. डॉक्टरांनी शिक्का उचलला.