पहिल्या पायरीवरचा पूर

"पट्टी खालीच ठेव. मंडपात तुह्यं पाऊल पडलं तं देऊळ धुवा लागन मले."

पाटील देवळाच्या ओट्यावरून बोलला. माझ्याहून उंच मापाची पट्टी धरून मी पायरीखाली उभा.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. मी बांधकाम खात्यात रोजंदारीवर खलाशी होतो, मोजणीत पट्टी धरायचो. आमच्याच गावच्या सखल रानातून, पैनगंगेच्या काठानं, रिसोडकडं मोठा रस्ता जाणार होता. पूर कुठवर चढतो ते मापून रस्त्याच्या भरावाखाली पाणी जायला मोऱ्या किती ठेवायच्या हे ठरणार होतं. आमची बौद्धांची वस्ती नदी आणि भरावाच्या मधे. मोऱ्या कमी पडल्या तर पाणी तुंबून आमच्याच घरात येणार.

मोठ्या पुराची खूण मंडपातल्या खांबावर होती. म्हाताऱ्यांनी शेंदूर फासून ठेवलेली, माझ्या छातीइतकी उंच. गावात सगळ्यांना ठाऊक.

खात्याचा ओव्हरशियर मोजणीच्या दुर्बिणीमागून ओरडला, "अरे, परवापर्यंत इथं प्यायला पाणी नव्हतं, कसला पूर घेऊन बसलात! पहिली पायरी धरू. तिथवरच येतं ना रे पाणी?"

ओट्यावरची माणसं हसली. प्रश्न मला होता.

"हो साहेब," मी म्हणालो.

हे दोन शब्द माझे. पाटलाचे नाहीत, ओव्हरशियरचेही नाहीत. मी पहिल्या पायरीवर पट्टी टेकवली, आणि पूर तेवढाच झाला.

घरी आल्यावर तो मोठा पूर आठवला. ज्या पाण्यानं आमच्या चुली विझवल्या, गोधड्या नेल्या, तेच पाणी पुढं देवळात शिरलं होतं. त्याला कुणी पायरीवर अडवलं नव्हतं. देऊळ तेव्हा बाटलं नव्हतं.

भराव पडला. मोऱ्या थोड्याच ठेवल्या. पुढं एका पावसाळ्यात नदी फुगली, पाणी भरावाला अडलं आणि उलटं वस्तीत आलं. शेजारच्या गिरजामावशीवर तिच्याच घराची मातीची भिंत पडली. बाजेवर घालून आम्ही तिला कंबरभर पाण्यातून नेत होतो. पाय चेंगरला होता. ती माझ्याकडं बघत होती.

"पट्टी तूच धरली होती न रे, बाबू?"

मी बाज पाण्याच्या आणखी वर उचलली.

पाणी उतरल्यावर ओव्हरशियर मोठ्या साहेबांना घेऊन पूर पुन्हा मापायला आला. पाटील ओट्यावर होताच.

"मागच्यासारखीच, पहिल्या पायरीवर," ओव्हरशियर म्हणाला.

मी चढलो. चिखलाच्या पायांनी. मंडपात जाऊन शेंदराच्या खुणेला पट्टी लावली.

"उतर खाली! काय करून राह्यला बे?"

"पूर मापून राह्यलो, पाटील. लिहा साहेब. मंग उतरतो."

मोठ्या साहेबांनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि ते चष्मा पुसत राहिले. कुणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी मला कामावरून काढलं. पाटलानं देऊळ धुतलं. मावशी मरेपर्यंत काठीवर चालली.

आता तोच रस्ता रुंद करायचा आहे. भराव आणखी उंच होणार. पर्यावरणाची सुनावणी लागली आहे. नवे साहेब तरुण आहेत, नम्र बोलतात. "बाबा, जुन्या नोंदीत पूर पहिल्या पायरीपर्यंतच आहे," त्यांनी मला समजावलं.

असणारच. तो तिथं मी ठेवला.

नातू म्हणतो, "आबा, आता कायले सोताचंच नाव घेता?"

घेणार. भर सुनावणीत घेणार. खोटं मी बोललो, आणि कुणाच्या धाकानं बोललो, तेही सांगणार. मग साहेबांना देवळात नेणार. शेंदूर पुसट झालाय. खांब तिथंच आहे.

पट्टी मी धरणार.